चढावर उतरून चालणारा हेमसिंग

थोरलीची एक वेणी घालून झाली होती, दुसरीचे पेड माझ्या हातात होते. चुलीवर दूध वर यायच्या बेतात होतं आणि हे मागच्या ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कडीच निखळून पडते की काय असं वाटलं. सकाळचे सात. दूधवाला येऊन गेलेला. एवढ्या सकाळी आमच्याकडे येणार कोण?

दारात शालिग्राम उभा. यांच्या कचेरीतला स्टोअरचा कारकून. गावोगाव हिवतापाची फवारणी चालायची, तिच्या औषधाची पिंपं याच्या ताब्यात. एरवी टोपीची घडीसुद्धा न मोडणारा हा माणूस आज बोडका आला होता.

"बाई, साहेब हायेत का?"

"दाढी करताहेत. काय झालं?"

"आपली जीप, बाई. काल मेडशीच्या घाटात एकटीच चढून राह्यली होती."

मला आधी कळलंच नाही. शालिग्राम काल अकोल्याहून सर्व्हिसच्या मोटारीनं येत होता. घाटाच्या वळणावर त्याच्या मोटारीला समोरून येणाऱ्या बैलगाड्यांनी अडवलं, म्हणून त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. पाहतो तर पुढं आपली जीप. मागं ट्रेलर, ट्रेलरमध्ये आठ पिंपं, आणि गाडीत चिटपाखरू नाही.

"ष्टेरिंगवर कोणी नाई, बाई! मुंगीवानी गाडी आपली चढून राह्यली."

"अरे, पण हेमसिंग?" मला वाटलं, तो पडला कुठंतरी दरीत.

"तो बाजूनं पायी चालून राह्यला होता. एक हात अंदर ष्टेरिंगवर. आन तोंडानं चक्‌ चक्‌ करत होता, ढोरं हाकलल्यावानी."

दूध उतू गेलं ते मी वासावरून ओळखलं. हे अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की ही नुसती नवलाची गोष्ट नाही, हेमसिंगच्या नोकरीची आहे.

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची. तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्ह्यात फवारणीच्या पाच जीपगाड्या. लढाई संपल्यावर पलटणीनं काढून टाकलेल्या, दणकट, पण पेट्रोलच्या बाबतीत मोठ्या हावऱ्या. ट्रेलर ओढत असल्या की चार गाड्या गॅलनला अकरा-बारा मैलांपुढे जात नसत. हेमसिंगची मात्र पंधरा मैल जायची. महिन्यामागून महिने पंधरा. हे कौतुकानं सांगत, आणि अकोल्याच्या मोठ्या साहेबांना तेच खुपत होतं. त्यांनी लेखी विचारलं होतं, 'हा ड्रायव्हर न केलेले मैल लिहितो, असं का समजू नये?' येत्या शुक्रवारी ते स्वतः तपासायला येणार होते. त्यात आता ही बिनमाणसाची गाडी.

हेमसिंग चाळिशीचा, मेडशीच्या घाटाखालच्या तांड्यातला. तांड्यातला पहिला ड्रायव्हर. लढाईत आसामकडं मजूर म्हणून गेला आणि गाडी शिकून आला. गळ्यात ताईत, खाकी सदरा, आणि हसला की पुढचा एक दात नाही. आमच्याकडं आला की बाहेरच्या पायरीवर बसून चहा घ्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा. मी कितीदा म्हटलं, राहू द्या. ऐकायचा नाही.

त्याचा बाप दौलतसिंग. तो म्हातारा लहानपणी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढला-उतरला होता. मीठ, धान्य, जे मिळेल ते. लदेणी म्हणत त्याला. पुढं आगगाडी आली, सडका झाल्या, बैल गेले, पण म्हाताऱ्याच्या डोक्यातून ते दिवस गेले नाहीत. हेमसिंगनं पहिल्यांदा जीप तांड्यावर नेली तेव्हा त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवून लेकाकडून दोन वचनं घेतली. दर मुक्कामाला पाठ पाहायची. आणि चढावर ओझ्यावर बसायचं नाही.

हे आम्हाला त्याच दिवशी दुपारी कळलं, त्याला बोलावून घेतल्यावर.

"हेमसिंग, तू गाडी सोडून चालतोस?"

"सोडून नाई, साहेब. संगं चालतो. बारका गिअर टाकतो, इंजिनाचा दट्टा ओढून ठेवतो. मग पाय लावाचं काम नाई."

"पण कशासाठी?"

त्याला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "चढावर ओझ्यावर बसत असतेत का, साहेब? जनावर थकते. जास्त खाते."

"अरे बाबा, तो बैल नाही!"

"मालूम हाये ना. म्हणून तं गोड बोलून राह्यलो तिच्यासंगं. बैल असता तं शिव्या देल्ल्या असत्या."

यांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. "शुक्रवारी मोठे साहेब आहेत. हे त्यांना सांगावं लागेल मला. लपवणार नाही मी."

"सांगा ना. दाखवतो म्या त्याईले. पेट्रोल मोजून पाहा म्हणा." आणि मग एकदम हळू आवाजात, "नोकरी जाईन का, साहेब?"

"खोटे मैल निघाले तर जाईल."

"मैल खोटे नाईत." एवढंच बोलून तो गेला. कप मात्र विसळून गेला.

शुक्रवारी हे आणि शालिग्राम हेमसिंगच्या जीपमधून निघाले, त्यांच्याबरोबर मीही. धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला अकोल्याला जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ती बिनमाणसाची गाडी मला डोळ्यांनी पाहायची होती. वाटेत मालेगावला थांबलो. हेमसिंग उतरला आणि जीपची चार, ट्रेलरची दोन, अशा सहाही चाकांच्या मधोमध तळहात ठेवून आला. एका चाकापाशी थबकला, खाली वाकून पान्यानं काहीतरी ढिलं केलं. मग ट्रेलरचा आकडा काढून पुढचं टोक एका हातानं उचलून पाहिलं, मान हलवली, आणि शालिग्रामला म्हणाला, "भाऊ, एक डरम समोर घेऊ दे. मांगून लटकून राह्यलं."

"पोरीचं लगन हाये का डरमाचं? केवढं सजवतं!" शालिग्राम कुरकुरला, पण हात लावला.

घाटाच्या पायथ्याशी मोठे साहेब आधीच येऊन उभे होते. नागपूरकडचे, उंच, बोलणं तोडून टाकणारं. परीक्षा त्यांनी साधी ठेवली. पाऊण मैलाचा खडा चढ. सपाटीवर टाकी काठोकाठ भरायची, चढून वर जायचं, वळून त्याच जागी खाली यायचं, आणि टाकी पुन्हा काठोकाठ करायला किती पेट्रोल लागलं ते पत्र्याच्या पाइंटाच्या मापानं मोजायचं. एकदा बसून, एकदा पायी. आम्ही दोघं चढाच्या मध्यावर, वळणाशी जाऊन उभे राहिलो.

तांडा तिथून खाली, पायथ्याशी, हाकेच्या अंतरावर. रस्त्याच्या कडेला, ओढ्यावरच्या पहिल्या मोरीच्या अलीकडं, लिंबाखाली बाज टाकून दौलतसिंग बसला होता. दर सोमवारी-गुरुवारी लेकाची गाडी चढताना पाहायची, हा त्याचा नेम. आज शुक्रवार असून कसं कळलं त्याला कोण जाणे. शेजारी हेमसिंगची बायको धनीबाई, हातभर बांगड्या, कपाळावर हात धरून बघत होती.

पहिल्या खेपेला हेमसिंग बसला. हुकूमच होता. गाडी आमच्या समोरून घुरघुरत वर गेली आणि खाली मी पाहिलं, म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं होतं.

दुसऱ्या खेपेचं मी आजही कुणाला सांगू लागले की लोक हसतात. पण मी हसले नाही. वळणावरून ती गाडी आली तेव्हा आधी तिचं रिकामं आसन दिसलं. मागं ट्रेलर, आठ पिंपं, आणि पुढं कोणी नाही. मग बाजूला हेमसिंग दिसला. उजवा हात आत, नजर समोर, पावलं इंजिनाच्या ठेक्यात, तोंडानं चक्‌ चक्‌. मागून मोठे साहेब छत्री टेकत चालत होते, त्यांच्या पाठीशी त्यांची मोटार हळूहळू येत होती, आणि कुठं पाहावं ते त्यांना कळत नव्हतं.

ऐन आमच्यासमोर मुरमावरून हेमसिंगचा पाय सरकला.

तो गुडघ्यावर आला. हात सुटला. गाडी थांबली नाही. थांबणार कशी, तिला कुठं कळतंय? ती तशीच चालत राहिली, एक हात, दोन हात, चार हात, आणि तोंड हळूहळू दरीकडं. मी यांचा दंड धरला तो असा की रात्री तिथं नखं उमटलेली दिसली. हेमसिंग उठला, धावला, आत हात घातला आणि चाक वळवलं. गाडी पुन्हा सरळ. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. चक्‌ चक्‌ तेवढं थांबलं होतं.

आम्ही पायी खाली आलो तेव्हा मापणं चालू होतं. बसून गेल्यावर सव्वा पाइंट लागलं होतं. आता शालिग्राम माप ओतत होता. एक पाइंट गेलं. सव्वा गेलं. दीड गेलं. टाकीत अजून काठ दिसेना. पावणेदोनला काठ आला.

"जास्ती लागलं," शालिग्राम म्हणाला. त्यालाच खरं वाटेना. "पायी चालून जास्ती लागलं."

"लागणारच," मोठे साहेब म्हणाले. "एवढ्या बारक्या गिअरमध्ये इंजिन किती वेळ फिरलं! तुझं वजन वाचलं त्याच्या कितीतरी पट जास्त जळलं."

हेमसिंगनं शालिग्रामच्या हातातून माप घेतलं. उलटं केलं, तळ पाहिला. गळतंय का, म्हणून बोट फिरवलं. गळत नव्हतं. मग तो तसाच माप हातात धरून उभा राहिला. तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, उन्हात, चिखलात तो हा घाट पायी चढला होता. त्याच्या तोंडाकडं मला पाहवेना.

"म्हणजे मैल खोटेच," मोठे साहेब वहीकडं वळले. "नाहीतर पंधरा येतील कुठून?"

मी मध्ये बोलायची नाही. ऑफिसच्या गोष्टीत बाईमाणसानं बोलू नये, असं तेव्हा मीही मानत होते. पण राहवलं नाही. "साहेब, तुमच्या गाडीच्या चाकांना एकदा हात लावून पाहता?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. पण लावला. मागच्या डाव्या चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चटका बसला होता. मग हेमसिंगच्या जीपची चाकं पाहिली. घाट दोनदा चढून-उतरून आलेली गाडी, पण सहाही चाकं सारखी कोमट. मी मालेगावचं सगळं सांगितलं. चाकाचा ब्रेक धरून राहिला की हा कसा ढिला करतो, ट्रेलरचं टोक हातावर तोलून पिंपं कशी मागंपुढं करतो. पेट्रोल वाचत होतं ते इथं.

"हे कुणी शिकवलं तुला?" साहेबांनी विचारलं.

"बापानं." हेमसिंगचं लक्ष अजून मापातच होतं. "गोणी एका अंगाले गेली का बैलाची पाठ सोलते. म्हणून दर मुक्कामाले हात लावून पाहाचं. गरम लागलं का समजाचं, तिथं घासून राह्यलं. त्यात काय शिकाचं, साहेब? ते तं सगळेच करतेत."

"सगळे करत नाहीत," मोठे साहेब म्हणाले. वही मिटली. स्वतःच्या ड्रायव्हरकडं असं पाहिलं की तो स्टिअरिंगमागंच बसून राहिला. मग यांना म्हणाले, "याची नोकरी राहू द्या. बाकी चौघांना याच्याकडं आठ दिवस पाठवतो. पण घाटात आसन सोडलं तर त्याच दिवशी घरी. मघाशी गाडी दरीकडं कशी गेली, ते मी पाहिलंय." आणि मोटारीत बसून निघून गेले.

धनीबाईनं आमच्यासाठी पितळी गडव्यात पाणी आणलं. नोकरी राहिली, हे तिला यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. पण हेमसिंग तिच्याकडं न येता बाजेकडं गेला, बापासमोर उकिडवा बसला. त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. मला कळलं नाही. म्हातारा मात्र मोठ्यानं हसला आणि लेकाच्या डोक्यावर हात ठेवून तसाच हसत राहिला.

तो परत आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं त्यांना?"

"सांगतलं का तुझी गोष्ट खरी निघाली. साहेबानं मोजून पायली."

मी गडवा धनीबाईच्या हातात परत दिला. यांनी जीपची किल्ली पुढं केली. हेमसिंगनं ती घेतली नाही. टोपी काढून हातात धरली.

"साहेब, आतापासून बसतो. सगळ्या घाटात बसतो, कसम घेतो. आज पाय सरकला ते म्या बी पायलं." तो थांबला, लिंबाकडं एकदा पाहून घेतलं. "माझा बाप जिता हाये तोवर त्या पयल्या मोरीपर्यंत तेवढं मले पायी जाऊ द्या. त्याच्यापुढचं त्याले दिसत नाई."