वाकल्यावर दिसणारी गाठ

आईच्या कानाखालची गाठ आई ताठ असली की दिसायचीच नाही. भातलावणीला ती वाकली की थोड्या वेळात गाठ जांभळाएवढी फुगायची, निळसर. दोन डॉक्टरांनी आम्हाला परत पाठवलं ते याचमुळे. त्यांच्यासमोर ती स्टुलावर ताठ बसलेली, मग गाठ कुठली दिसणार?

खेडच्या तिसऱ्या डॉक्टरांकडे मी सरळ म्हटलं, "आये, वाक."

"हितं?"

"हितंच. लावणीला वाकतेस तशी."

पदर खोचून ती फरशीवर वाकली आणि तिचे हात आपोआप रोपं लावल्यासारखे हलायला लागले. डॉक्टर आधी हसले. मग खुर्ची मागे सारून उठले.

एमआरआयचा रिपोर्ट मी एसटीतच वाचला. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. सातबारा असो की विम्याचा कागद, अख्खी वाडी माझ्याकडे येते, आणि मला त्याचा अभिमान आहे. हाही कागद मला कळला. लाळेच्या ग्रंथीत रक्तवाहिन्यांची गाठ. दुर्मीळ, पण साधी. कॅन्सर नाही.

उरलेलं रत्नागिरीच्या सर्जननी सांगितलं. चेहऱ्याची नस त्या गाठीतूनच जाते. गाठ काढताना नसेला धक्का लागला तर तोंड वाकडं होईल, कदाचित कायमचं. नाही काढली तर गाठ हळूहळू वाढेल, दुखेल. "दोन्हीत चूक काही नाही. तुम्ही ठरवा."

संमतीपत्रावर आईने अंगठा द्यायचा, शेजारी मी सही करायची.

"तू सांगशील तसं," आई म्हणाली. "तुला म्हायती."

"मला नाही माहीत, आये."

"मग येवडी शिकलीस कशाला गो?"

आणि हसली. हसताना तिचे दोन्ही गाल सारखे वर गेले. मी पेनाचं टोपण लावलं.

पंधरवड्याने सुट्टी काढून घरी आले, तर ती शेतात.

"वाकू नको म्हणालेत ना डॉक्टर?"

"मग भात उभ्यानं लावू?"

मी बांधावर उभी राहिले. थोड्या वेळाने मान न उचलता तिने विचारलं, "आली काय गो?"

"आली."

"मोठी?"

आधीपेक्षा मोठी होती.

"दुखतंय?" मी विचारलं.

"जरा." तिने पुढचं रोप चिखलात खोचलं. "तुझं ठरलं की सांग. तवर ही खाचरं उरकते."