हीटरमधून थंड वारा

रेडिएटरचा पाइप मी घरीच बदलला, कूलंट भरलं आणि गाडी बाहेर काढली. डांगे चौक यायच्या आतच टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला. म्हणजे पाइपात हवा अडकली होती. कशीबशी परत आणली.

गुरुवार होता, कंपन्यांची सुट्टी. इंजिन गार झाल्यावर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि बघता बघता बिल्डिंगमधले सगळे कार कंपन्यांतले कामगार गोळा झाले. पेंट शॉपमधला म्हणाला, "भावा, गाडीचं तोंड वर कर, हवा वर चढते." म्हणून गाडी बेसमेंटच्या चढावर लावली, तर मागे अडकलेल्या गाडीवाल्याचा हॉर्न सुरू. ब्रेकच्या लाइनवरचा म्हणाला, "रेडिएटरचं झाकण उघडं ठेव." सीटच्या कंपनीतला म्हणाला, "लाव राव झाकण, प्रेशर बनू दे." मी भर उन्हात हीटर फुल करून आत घामाने निथळत बसलो. हीटर गरम झाला की हवा निघाली म्हणायचं. तो मेला थंडच वारा फेकत होता.

"आमच्या कंपनीत मशीन आधी हवा खेचतं, मगच कूलंट भरतं!" मी ओरडलो. ते मशीन मी फक्त लांबून पाहिलंय. मी दरवाज्याचं रबर बसवतो.

तेवढ्यात बायको पाणी घेऊन खाली आली. घोळक्याकडे बघत तिने विचारलं, "तुम्ही सगळे गाड्याच बनवता ना?"

मागच्याने पुन्हा हॉर्न दाबला.