तुटलेल्या करंगळीचा गणपती

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी नाशकात गणपतीचे स्टॉल लागले की माझी नजर आधी मूर्तीच्या करंगळीकडे जाते. पंचवटी भागात नेमणूक असतानाच्या एका प्रकरणाने लावलेली ही सवय आहे.

फिर्यादी एक तरुण मूर्तिकार होती. कोणाचे तरी गाऱ्हाणे ऐकत असल्यासारखा, मान किंचित कललेला गणपती तिने घडवला होता. तिच्या मूर्ती बाजारात येण्याआधीच एका मोठ्या कारखान्याच्या स्टॉलवर तोच गणपती ओळीने मांडला गेला. लोक तिलाच नक्कल करणारी म्हणू लागले.

"सर, एकही मूर्ती विकली गेली नाही तरी चालेल," ती म्हणाली. "पण मी चोर नाही, एवढं कागदावर आलं पाहिजे."

ठाणे अंमलदाराने तिला वकील गाठायला सांगून परत पाठवले होते. सायकल चोरीला गेली की आपण गुन्हा नोंदवतो. माणसाने घडवलेले रूप चोरीला गेले की त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो. हे चूक आहे. कॉपीराइटचा भंग हा गुन्हाच आहे. मी फिर्याद नोंदवून घेतली.

कारखानदाराला बोलावले. तिच्याकडे नोंदणीचा दाखला कुठे आहे, असे त्याने विचारले. दाखला लागत नाही, कलाकृती घडली की हक्क तयार होतो, हे मी सांगितले. तसा त्याने आवाज चढवला.

"गणपती काय तिच्या बापाचा आहे का, साहेब?"

"गणपती सगळ्यांचा. ही मान कोणी वळवली, ते सांगा."

त्याने दोन मूर्ती शेजारी ठेवल्या. तिच्या मूर्तीची करंगळी बारीक आणि सुटी. त्याच्या मूर्तीची जाड, शेजारच्या बोटाला चिकटलेली. काम वेगळे आहे, हे त्याचे म्हणणे खोडता येईना. तिची मूळ मातीची मूर्ती साचा काढताना मोडली होती आणि कामाचे फोटो बिघडलेल्या मोबाइलबरोबर गेले होते.

मग खबऱ्याने बातमी आणली, की एका टेम्पोवाल्याने विसर्जनाला दिलेली मूर्ती परस्पर याच कारखान्याला विकली आहे. त्याला ठाण्यात आणले. अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो. चहा मागवून दिला. चहा संपायच्या आत तो बोलू लागला.

साच्यातून निघालेल्या तिच्या पहिल्या मूर्तीची करंगळी तुटली होती. खंडित मूर्ती कोणी पूजेला देत नाही, म्हणून तिने ती नदीत सोडायला याच्याकडे दिली.

"सोडणारच होतो साहेब," तो म्हणाला, "पण देव लय देखणा होता."

पंचांना घेऊन कारखान्यावर गेलो. साच्यांच्या मागे ती मूर्ती सापडली. करंगळी प्लास्टरने ओबडधोबड जोडलेली, आणि स्टॉलवरच्या प्रत्येक मूर्तीत तोच जोड उतरलेला. ज्या फरकावर तो सुटू पाहत होता, त्याच फरकाने त्याला पकडून दिले.

मूर्ती ठाण्यात आली तेव्हा मुद्देमाल कारकुनाने विचारले, "साहेब, नंबर लावू का हार घालू?" दोन्ही कर, म्हणालो.

कारखानदार आता हात जोडून उभा होता.

"साहेब, चोरी केली असं खुशाल लिहा. मूर्ती खंडित होती, तेवढं लिहू नका. तिच्यावरून काढलेल्या मूर्ती लोकांनी घरी बसवायला बुक केल्यात. मला कोणी दारात उभं करणार नाही."

पंचनाम्यात दोन्ही लिहिले.

नोकरीत मी पुष्कळ चोर पाहिले. चोरी लपवण्यासाठी ते काहीही कबूल करत. हा एकटाच असा भेटला, की ज्याला चोरी कबूल करायला काहीच वाटले नाही. दुसऱ्याच्या डोक्यातून आणि बोटांतून आलेली गोष्ट उचलणे त्याच्या लेखी पाप नव्हतेच. त्याच्या गिऱ्हाइकांच्या लेखीही नव्हते, हे त्याला पक्के ठाऊक होते. गुन्हा नोंदवणे माझ्या हातात होते. अशा चोरीची लाज समाजाने आणायची असते, आणि ती अजून आलेली नाही.

आरोपपत्र दाखल झाल्यावर ती मुलगी ठाण्यात आली. मूर्ती तिने घडवली, हे आरोपपत्राच्या प्रतीतले वाक्य तिने उभ्या उभ्याच वाचले.

"करंगळी तुटली त्या दिवशी मी जेवले नव्हते, सर," ती म्हणाली, आणि कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.