तीन शेपट्यांची गवाही

नदीच्या पोटात काय चाललंय हे नदीच्याही आधी कळणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजी उमरग्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. निजामी गेली, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, पण साक्षीला ‘गवाही’ म्हणायची दाजींची सवय काही गेली नाही. सुट्टीच्या दिवशी धोतर खोचून ते नदीत उतरत, दगड उलटे करत आणि खालचे किडे बहिणीच्या लोणच्याच्या बरण्यांत भरून आणत. स्वच्छ पाण्यातले एका बरणीत, गावच्या नाल्याखालचे दुसरीत. “जो किडा चांगल्या पाण्यात नेहमी सापडतो आणि घाणीत कधीच न्हाय, त्याचीच गवाही खरी. दोन्हीकडं नांदतो तो बेइमान!” बेडूक पहिल्याच दिवशी बेइमान ठरला. दगडाला चिकटून राहणारा तीन शेपट्यांचा एक किडा मात्र दाजींच्या मनात भरला. तरी त्याला लगेच पास केलं नाही. प्रत्येक जागेची ‘चांगली’ किंवा ‘घाण’ अशी चिठ्ठी करून सगळ्या चिठ्ठ्या टोपीत हलवायच्या आणि जागांना पुन्हा न बघता वाटायच्या. अशा आंधळ्या वाटणीतही किड्याचा ‘चांगल्या’ जागांशी मेळ तितकाच बसला, तर तो निव्वळ योगायोग, किडा नापास! तीन शेपट्यांचा मात्र पास झाला. पिठात पडलेल्या चिठ्ठ्या वेचत बहीण म्हणायची, “किड्याची पत्रिका एवढी बघता, पोरीची कधी बघणार?”

शेवटी भाचीला तेरणाकाठचं एक स्थळ आलं. घर बघायला मी आणि दाजी गेलो. पोह्यांच्या बशा आल्या आणि दाजी गायब! शोधत गेलो, तर गुडघाभर पाण्यात उभे. होणारे व्याही काठावरनं म्हणाले, “पाव्हणं, काय हरवलं का?” दाजींनी ओला दगड वर धरला. त्यावर तीन शेपट्या वळवळत होत्या. “स्थळ पसंत!” दाजी ओरडले. नवरा मुलगा तेव्हा अजून न्हाणीतच होता.

लग्न झालं. त्यानंतर आम्ही पहिल्यांदा भाचीकडं गेलो, तेव्हा तिनं हसून पाणी दिलं, हसूनच वाढलं.  परतीच्या एस.टी.त दाजी म्हणाले, “मेव्हणं, पोरगी सुखात हाय का हो?”

“हसत होती की, दाजी.”

“ती अंगात ताप असतानाबी हसायची. हसण्याची गवाही चालायची न्हाय.”

मी विचारलं, “मग ओळखायचं कशावरनं?”

“एका फेरीत काय कळतंय? परत यायला पायजे.”

लेकीच्या घरी बापानं वरचेवर जाऊ नये, असं लोक बोलत राहिले आणि दाजी जात राहिले. नदीकडं ते फिरकायचेही नाहीत. भाची भाकरी थापायची, आणि हे उंबऱ्याशी बसून तिच्याकडं बघत राहायचे.