जेबेल जैसच्या चढावर कॉइल गेली

आई गेल्यानंतर अप्पा पहिल्यांदाच आमच्याकडे शारजाला आले आणि तीन आठवडे जवळजवळ गप्पच होते. डोंगर बघून जरा मोकळे होतील, म्हणून शनिवारी त्यांना आणि माझ्या सात वर्षांच्या इराला घेऊन मी रास अल खैमाला निघाले.

३११ नंबरच्या रस्त्याने तास-सव्वा तास लागतो. वाटेत कडक चहा आणि पराठे घेतले. सिग्नलला अप्पा म्हणाले, गाडी अडखळतेय. त्यांनी तीस वर्षं चिपळूणच्या एसटी डेपोत डिझेलची इंजिनं उघडली. पेट्रोल गाडीतलं त्यांना काय कळणार, असं वाटून मी एसीवर ढकलून मोकळी झाले.

जेबेल जैस डोंगराचा चढ लागला आणि गाडी हिसके द्यायला लागली. ओढेचना. इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. अप्पांनी शांतपणे बाजूला घ्यायला लावली. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही थांबा. तशीच रेटली तर न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन आणखी महागाचं काम काढतं. आम्ही रिकव्हरी व्हॅन बोलावली.

गॅरेजवाले बशीरभाई केरळचे. त्यांनी स्कॅनर लावला, दोष इंजिनाच्या चारपैकी तिसऱ्या सिलिंडरचा निघाला. मग त्याची कॉइल काढून पहिल्यावर बसवली, तर दोषही पहिल्यावर गेला. म्हणजे कॉइलच गेलेली. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे अप्पांनी ही वस्तू कधी हाताळलीच नव्हती. बशीरभाईंनी ती त्यांच्या हातात दिली आणि हिंदीत समजावलं, की बॅटरीच्या बारा व्होल्टचे ही हजारो करते, तेव्हा कुठे प्लगवर ठिणगी पडते. अप्पा एकामागून एक प्रश्न विचारत राहिले. नवी कॉइल मजुरीसकट दोनशे दिरहमला पडली, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये.

"सकाळीच तुमचं ऐकायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुझी आई म्हणायची, यांना फक्त इंजिनाचं ऐकू येतं."

आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिचा विषय काढला होता.

डोंगरमाथा राहिलाच. घरी जेवताना इराने विचारलं, "हाऊ डिड यू नो, आजोबा?" अप्पांनी बोटांनी टेबलावर चार ठोक्यांचा ताल धरला, मग त्यातला एक गाळून तोच पुन्हा वाजवला. मराठीत काहीही विचारा, इराचं उत्तर इंग्रजीत असतं. तिने डोळे मिटून परत वाजवायला लावलं.

"एक नाही वाजला," ती म्हणाली.

अप्पांनी ताट बाजूला सारलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.