जिलेबीचा रंग आणि सासऱ्यांचा झरा

सासुरवाडीचं पाणी केशरी करणारा जावई अख्ख्या पोलादपूर तालुक्यात मी एकटाच आहे.

हेतू शुद्ध होता. आमच्या वाडीनं तीन वर्षं डोंगरावर चर खणले, ऐन-हिरड्याची रोपं लावली आणि गुरा-बकऱ्यांना वर पूर्ण बंदी केली. कशासाठी? तर वाडीचा झरा मे महिन्यात आटू नये म्हणून. रोपं कमरेएवढी झाली. झरा मात्र दर मे महिन्यात न चुकता आटत राहिला! धोंडूकाकांचा (बावीस बकऱ्यांचे मालक, त्यामुळे जंगलाचे जन्मजात शत्रू) धीर सुटला.

"रविवारच्या बैठकीत बंदी उठवा! माझ्या बकऱ्यांनी काय नुसता पाला बघून पोट भरायचं?"

निम्म्याहून जास्त वाडी त्यांच्या बाजूची. पाणी समितीचा अध्यक्ष मी. त्या रोपांना मी स्वतः हंडे वाहून जगवलेलं. बकऱ्या एकेक रोप चावतायत, असं मला स्वप्नात दिसायला लागलं.

चर खणायला शिकवणाऱ्या संस्थेच्या ताई म्हणाल्या, "चरांच्या खाली ओढ्याचं पाणी खडकाच्या भेगेत गडप होतं ना? तिथं खाण्याचा रंग टाका आणि तो कुठल्या झऱ्यात निघतो ते बघा. पण चमचाभरच! आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना आधी सांगा."

दोन्ही बाजूंना कशाला? चर आमचे, घाम आमचा, पाणी दुसरीकडे जाईलच कसं? आणि चमचाभर रंग धोंडूकाकांना दिसायचा कसा? मी महाडच्या बाजारातून जिलेबीच्या रंगाचा किलोचा डबा आणला आणि शनिवारी सकाळी अख्खा भेगेत ओतला!

दिवसभर मी झऱ्यावर बसून राहिलो. शेजारी धोंडूकाका स्टीलचा पेला घेऊन. दर तासाला पेला भरायचे, उजेडात धरायचे.

"हाय का रंग?"

"नाय अजून."

"उद्या बकऱ्या सोडतो."

रविवारी सकाळी बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या फोनवर सासूबाई कडाडल्या. त्यांची वाडी डोंगराच्या पलीकडे.

"अगो, आपल्या झऱ्याला केशरी पानी येतंय गो! कुठल्या तरी कंपनीच्या टँकरवाल्यानं वर घान ओतली! भात केशरी झाला, बाबांचं धोतर केशरी झालं, हौसाआत्याला गरगरतंय! बाबा काठी घेऊन रस्त्यावर बसलेत. ज्यानं कुणी केलंय त्याचं तंगडं मोडल्याबिगर उठणार नाय म्हणतायत!"

सुनंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"डबा केवढा होता हो?"

"किलोचा."

"जा. कुणी पोलिसांना बोलवायच्या आत सांगून टाका."

मी मोटरसायकल काढली. पलीकडच्या रस्त्यावर दगड रचलेले. अडवलेल्या टेम्पोचा चालक रडवेला होऊन आतली एकेक कोंबडी उचलून दाखवत होता. समोर सासरे, केशरी धोतरात, हातात काठी.

"जावयबापू, बरं झालं आलात! तुमी शिकलेलं. हे पानी तपासायला न्या."

मी त्यांच्या दुसऱ्या हातातला केशरी पाण्याचा तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायलो.

"थुका! थुका! विष हाय ते! माझ्या पोरीचं काय होईल?"

"मामा, विष नाय. जिलेबीचा रंग हाय." मी केशरी दातांनी हसायचा प्रयत्न केला. "मीच टाकला."

काठी वर गेली. मी डोळे मिटून एका दमात सगळं सांगितलं: भेग, चर, बकऱ्या, दुपारची बैठक. काठी खाली आली नाही, म्हणून एक डोळा उघडला. सासरे डोंगराकडे बघत होते.

"म्हणजे तीन उन्हाळं आमचा झरा आटला नाय, तो तुमच्या चरांमुळं? आन् मी दर साली देवीला कोंबडा देतोय!" (टेम्पोतल्या कोंबड्या तेव्हा कुठे शांत झाल्या.)

बैठकीत खरं सांगावंच लागलं. धोंडूकाका उसळले. "आपण खणायचं आन् ह्याच्या सासऱ्यानं आंघोळ करायची? उठवा बंदी!" पटापट हात वर झाले. मी मोजायचं धाडस केलं नाही. तीन वर्षांचं जंगल डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मला खरोखर रडू येत होतं. एवढ्यात दारात केशरी धोतर दिसलं.

"डोंगर बंदच ठेवा," सासरे म्हणाले. "आमचा झरा तुमच्या वाडीपेक्षा उंचावर हाय. डोंगराच्या कडेनं पाइप टाका. अर्धं पानी तुमचं."

हात एकेक करून खाली आले.

"आन् पाइपाची चावी कुणाकड?" धोंडूकाकांनी विचारलं.

"माझ्याकड," सासरे म्हणाले.

जंगल वाचलं! ऐनाची रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. रोज सकाळी सातला पाणी येतं. नाही आलं, तर वाडी पाइप तपासत नाही. धोंडूकाकांना पुढे घालून, रिकामे हंडे घेऊन थेट माझ्या दारात येते.

"काल काय बोललास रे सुनंदाला? जा, आधी माफी माग!"

परवा मी आमटीत मीठ कमी आहे एवढंच म्हणालो. वाडीला दोन दिवस पाणी नव्हतं.