आक्काच्या दारातला मुऱ्हाळी

अखजी जवळ आली की मला अजून घरात बसवत नाही. उगाच दारापर्यंत जाते, परत येते, चुलीवर काही नसताना चुलीपाशी जाऊन उभी राहते. नातसुना आपसात हसतात, आजीला काय चावलं म्हणून. हसू द्या.

आमच्या वऱ्हाडात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. पण आपल्या पायांनी उठून यायचं नाही. माहेराहून मूळ यावं लागतं, म्हणजे बाप नाहीतर भाऊ न्यायला जातो. तो मुऱ्हाळी. आमच्यातली रीत अशी की मुऱ्हाळ्यानं सांजोऱ्यांची दुरडी घेऊन व्याह्याच्या दाराबाहेर उभं राहायचं. हाक मारायची नाही, नाव सांगायचं नाही. घरातून कोणी तांब्या घेऊन आलं आणि त्याचे पाय धुतले, की बोलावणं पावलं. नाही धुतले, तर मुकाट परतायचं.

आमचा मळा पिंपळगाव राजाला. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही, माय लवकरच गेलेली. आक्का खामगावच्या बाजारात माल घेऊन बसायची. "काटेरी वांगी, मळ्याची वांगी" असं ती ओरडली की पुढं गेलेलं गिऱ्हाईक मागं वळायचं. भाकर कधी पुरायची, कधी नाही. तिला रोहिणखेडला दिली, तिथं तर भाकर असून मिळत नव्हती. सासू उपाशी ठेवायची, नवरा हात उचलायचा. अखजीला बा येईल, या एका आशेवर ती वर्ष काढायची.

एका वर्षी विहीर आटली, मळा जळाला. रिकाम्या हातानं व्याह्याच्या दारात कसं उभं राहायचं, म्हणून बा गेलाच नाही. आक्का म्हणे दिवसभर ओसरीचा खांब धरून वाटेकडं पाहत होती. रोहिणखेडला तेव्हा एक नाटकमंडळी उतरली होती. ती निघाली, तिच्या गाडीत आक्काही निघाली.

पुढं नाटकातून ती सिनेमात गेली आणि बघता बघता खामगावच्या पानाच्या ठेल्याठेल्यावर तिची तसबीर लागली. आमच्या घरचं पाणी मात्र गावात कोणी पिईना. हीच माणसं बैलगाड्या जुंपून तंबूतला तिचा सिनेमा पाहायला जात आणि आल्यावर आमच्या दारावरून तिचीच गाणी म्हणत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दरवर्षी अखजीच्या आधी आक्का कोणाकडून तरी निरोप धाडायची, यंदा मूळ पाठवा. मला न्यायला मात्र बा माझ्या सासरी, दुसरबीडला, न चुकता यायचा, माझ्या सासूच्या हातून पाय धुवून घ्यायचा. मी बैलगाडीतच विषय काढायची, "बा, आक्काले काऊन नाही आणत?"

"मूळ सासरी धाडतात," तो म्हणायचा. "तिले सासर कुठं हाय? कोणाच्या दारात उभा राहू मी?"

पण माहेरी आल्यावरही माझं मन लागायचं नाही. मी मळ्यात फेऱ्या घालायची, आणि बांधाच्या पलीकडं बासुद्धा तेच करत असायचा.

एकदा मी हट्टानं त्याला तंबूत नेलं. सिनेमात आक्का सून झाली होती. सणाचा दिवस, सगळ्या जावांना न्यायला कोणी ना कोणी आलेलं, आणि ही खांब धरून उभी. तिच्याकडचा कोणी येत नाही. तंबूतल्या बाया हुंदके देऊन रडत होत्या. आपल्याच गावच्या पोरीचं खरंखुरं तसंच झालं तेव्हा यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं! मी बाच्याकडं पाहिलं, तर तो जागेवर नव्हता. बाहेर बैलांच्या मानेवर डोकं टेकून उभा होता.

सकाळी म्हणाला, "सांजोऱ्या कर."

"काऊन?"

"मूळ घेऊन जातो."

तेव्हा आमचं सरकारदरबार सगळं नागपूरकडं, मुंबई म्हणजे परमुलूख. अकोल्यापलीकडं कधी न गेलेला माणूस विचारत विचारत तिच्या बंगल्यापर्यंत पोचला. आणि जशी दुरडी नेली तशी परत घेऊन आला.

फाटकापाशी ही गर्दी, म्हणाला. तोही त्यात उभा राहिला. संध्याकाळी आक्काची मोटर निघाली, माणसं मोटरीवर तुटून पडली.

"तिनं तुले पाह्यलं?"

"काचा लावल्या होत्या."

"मंग शिपायाले नाव नाही सांगितलं?"

"मुऱ्हाळी नाव सांगते काय?"

मी कपाळावर हात मारला. "बा, ते काय व्याह्याचं घर होतं?"

"होतं त," तो म्हणाला. "सासरच हाय ते तिचं. आपल्याले समजलंच नाही. रोहिणखेडच्याहून कडक हाय."

त्यानं अंथरूण धरलं ते त्यानंतरच. पुढच्या अखजीला मी नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो सोबत आला, पण दुरडी माझ्या डोक्यावर होती. फाटकापाशी तशीच गर्दी. मला काही बासारखं मुकाट उभं राहणं जमेना. मी सगळा जीव गळ्यात आणला आणि ओरडले, "काटेरी वांगी, मळ्याची वांगी!"

वरची खिडकी उघडली.

आक्का जवळून पाहिली तर हातांच्या काड्या. सिनेमात पुण्यासारखं बोलणारी ती मला पाहताच आपल्या बोलीवर आली. "झोप येत नाही व मले. खाऊ देत नाहीत, जाड होशील म्हणतात. इतक्या माणसांत एकबी माणूस नाही माह्या जवळचं." बोलताना ती एका जागी बसत नव्हती. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी बाचं सगळं सांगून टाकलं.

ती खोलीच्या मधोमध थांबली. "दर हप्त्याले कोणी ना कोणी म्हातारा येते, मी तिचा बाप हाव म्हणून. शिपाई हाकलते. मी आता खिडकीतून पाहतबी नाही. अन् खरा आला तो बोललाच नाही!"

मग म्हणाली, "चाल. दुरडी घेऊन फाटकाबाहेर उभी राह्य."

तांब्या घेऊन ती स्वतः खाली आली. त्या गर्दीत, धुळीत बसून तिनं माझे पाय धुतले आणि पदरानं पुसले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, शूटिंग चाललंय. एक जण तर ओरडला, "बाई, जरा इकडं तोंड करा!"

आक्का उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पाह्यलं? मी आली त आपल्या अंगणातबी हेच होईन. बाच्या गळ्यात पडून रडली त लोक टाळ्या वाजवतीन. तू जाय."

दुरडी मात्र तिनं ठेवून घेतली.

घरी पोचले तर बा उशीला टेकून वाटच पाहत होता. "धाडलं का तिले?"

"नाही बा. पण पाय धुतले. तिनंच धुतले."

तो धडपडत उठून बसला आणि त्यानं माझ्या पायांवर हात ठेवला. बापानं लेकीचे पाय धरायचे का? मी चटकन पाय आखडले.

"राहू दे," तो म्हणाला. "तिचा हात लागला त्याईले."